मदत हवी आहे : १९९६ ची आरएक्स १००, धूर, चेसिस क्रमांकातील चूक आणि पुनर्नोंदणी

नमस्कार.

माझ्या वडिलांच्या नावावर फेब्रुवारी १९९६ मध्ये पुण्यात नोंदवलेली यामाहा आरएक्स १०० आहे. तिच्या नोंदणीचे नूतनीकरण २०११, २०१६ आणि २०२१ अशा तीन वेळा रीतसर झालेले असून आताची मुदत या फेब्रुवारीत संपते आहे. गाडी शोभेसाठी ठेवलेली नाही. कोथरूडहून शिवाजीनगरला कामावर जाण्यासाठी मी ती रोज वापरतो आणि यापुढेही वापरायची आहे. म्हणूनच एखाद्या एजंटाच्या हाती कागद आणि पैसे देऊन "पासिंग करून आणा" असे सांगण्याची माझी इच्छा नाही. तपासणीला गाडी खरोखर योग्य स्थितीत उभी राहावी आणि कागद स्वच्छ असावेत, एवढ्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहिला प्रश्न इंजिनाचा आहे. टू-स्ट्रोक गाडीला थोडा धूर असणारच, पण आताचा धूर वेगळा आहे. इंजिन पूर्ण तापल्यानंतरही तो कमी होत नाही. पांढरट, दाट आणि जळक्या तेलाच्या उग्र वासाचा हा धूर सिंहगडाचा घाट उतरताना अधिक स्पष्ट जाणवतो : उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद असतो तोवर काही दिसत नाही, परंतु खाली येऊन पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागे पांढरा लोट उठतो आणि मग हळूहळू विरळ होतो. पेट्रोलसोबत जळणाऱ्या टू-टी तेलाचा खप वाढलेला नाही. मात्र गिअर ऑइलची पातळी सतत खाली जाते आणि गाडीखालच्या फरशीवर तेलाचा एक थेंबही नसतो. पीयूसी केंद्रावर तपासले तेव्हा कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के आले, ते मर्यादेत आहे. पण हायड्रोकार्बन ११,००० पीपीएमच्या वर गेले, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले नाही.

आमच्या भागातील एका गॅरेजमध्ये मला असे सांगण्यात आले की, हे इंजिन आता खोलण्यात अर्थ नाही, जुन्या बाजारातून दुसरे इंजिन आणून बसवावे, दोन दिवसांत काम होईल. हा सल्ला मला मुळीच पटलेला नाही. इंजिन मूळचे आहे, त्याचा आवाज स्वच्छ आहे, पिकअप कमी झालेला नाही आणि चढावर ते कुरकुरत नाही. अशा वेळी संपूर्ण इंजिन टाकून देण्याआधी नेमका दोष कोठे आहे ते शोधायला नको का? माझा संशय क्लचच्या बाजूच्या क्रँक सीलवर, म्हणजे क्रँकशाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीवर आहे. तो योग्य आहे का, आणि सील बदलताना आणखी काय काय पाहून घ्यावे?

दुसरा प्रश्न कागदांचा आहे. एचएसआरपी (उच्च सुरक्षा नोंदणी) पाटीसाठी ऑनलाइन नोंदणी करताना चेसिस आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे जुळले, म्हणून मी निश्चिंत होतो. पण परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीवरचा पूर्ण तपशील उघडला तेव्हा चेसिस क्रमांकाच्या सुरुवातीलाच फरक दिसला. आरएक्स १०० चे क्रमांक एक, मग इंग्रजी एल, मग पुन्हा एक असे सुरू होतात. आमच्या जुन्या हस्तलिखित आरसी बुकात तो एल उभ्या रेघेसारखा काढलेला असल्यामुळे संगणकावर नोंद चढवताना ओळीने तीन एक पडले आहेत. हँडलच्या खाली, चेसिसच्या मानेवर कोरलेला क्रमांक मी केरोसीनमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने साफ केला, त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवली, तेव्हा एलचा पायाचा दांडा अगदी ठळक उमटला. गाडीवरचा क्रमांक निर्विवाद बरोबर आहे, चूक नोंदीत आहे. ही दुरुस्ती पुनर्नोंदणीच्या अर्जासोबतच मागावी की त्याआधी स्वतंत्रपणे करून घ्यावी? शिवाय वडील आता गाडी चालवत नाहीत, म्हणून ती माझ्या नावावर करायची आहे. तेही याच वेळी करावे का?

सविस्तर लिहिल्याबद्दल क्षमस्व, पण अर्धवट माहितीवर नेमका सल्ला देता येत नाही, हे मी जाणतो.

मुठाकाठ

प्रतिसाद : गिअरबॉक्स

आपला संशय बरोबर आहे असे मला वाटते, आणि घाटातले आपले निरीक्षण हाच त्याचा सर्वांत चांगला पुरावा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस (पिस्टनखालचा बंद कप्पा) हाच पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढणारा पंप असतो. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून इंजिन फिरत राहिले की क्रँककेसमध्ये ओढ वाढते. क्लचच्या बाजूचे सील सैल किंवा कडक झालेले असेल, तर ही ओढ गिअरबॉक्समधले तेल आत घेते. ते तेल क्रँककेसमध्ये साठते आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर जळून पांढऱ्या लोटाच्या रूपाने बाहेर पडते. पातळी उतरते आणि फरशी कोरडी राहते, याचे कारणही तेच. टू-टी तेल जास्त पडत असते तर आधी त्याची टाकी लवकर रिकामी झाली असती.

एक साधी खात्री करून घ्या. गिअर ऑइल पूर्ण काढून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले माप तेवढेच भरा, ठरावीक अंतर चालवून पुन्हा काढा आणि मोजा. तूट आकड्यात दिसली की मेकॅनिकशी बोलताना तर्काला जागा उरत नाही.

सील बदलताना मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचेही बदला. त्या बाजूचे सील गेले तर तेलाऐवजी बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होते, इंजिन स्लोवर असताना आपोआप रेस होते आणि पिस्टन तापून जाम होण्याचा धोका असतो. धूर दिसत नाही म्हणून ते सील चांगले आहे असे समजू नका. क्रँककेस उघडावाच लागला तर मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा ढिलेपणा त्याच वेळी पाहून घ्यावा. मजुरी एकदाच लागते. पिस्टन आणि बोअर मापून घ्या, पण माप मर्यादेत असेल तर केवळ इंजिन उघडले आहे म्हणून रिबोअर (सिलिंडर आतून कापून मोठा करणे) करू नका. मूळ सिलिंडरमध्ये रिबोअरला फार वाव नसतो, आणि चांगल्या प्रतीचे सिलिंडर आता सहज मिळत नाहीत.

सीलनंतर सायलेन्सर उघडून साफ करा. इतके तेल जळाल्यावर आतल्या नळीवर काजळीचा चिकट थर बसलेला असतो, आणि इंजिन दुरुस्त झाल्यानंतरही तो कित्येक दिवस धूर सोडत राहतो. आतली बॅफल नळी काढून फेकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आवाज वाढतो, खालच्या फेऱ्यांतला जोर जातो आणि तपासणीत ते लगेच लक्षात येते.

पीयूसीबाबत : ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम ही मर्यादा आहे. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकना ३.५ टक्के आणि ६,००० अशी कडक मर्यादा लागते, म्हणून केंद्रावर आपल्या गाडीचे उत्पादन वर्ष बरोबर धरले आहे ना, ते आधी पाहा. हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेले इंधन आणि तेल. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग एक्झॉस्ट पोर्टमधून न जळताच निसटतो, त्यामुळे हा आकडा मुळातच मोठा असतो. त्यात गिअर ऑइलची भर पडली की मर्यादा ओलांडणारच. सील बदलल्यावर नवा स्पार्क प्लग घाला, फोमचा एअर फिल्टर धुऊन तेल लावून बसवा, आणि कार्बोरेटरचा एअर स्क्रू इंजिन गरम असताना लावून घ्या. तो बाहेर सोडला की मिश्रण पातळ होऊन कार्बन मोनॉक्साइड उतरते. मात्र आकड्याच्या मोहात फार बाहेर सोडला तर मिसफायर सुरू होतो, आणि मिसफायरमुळे हायड्रोकार्बन उलट वाढते. चाचणीला जाताना थंड गाडी नेऊ नका, चांगली तापवून न्या.

आणखी एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्या काळातले रबर यासाठी बनवलेले नव्हते. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि फ्लोटची सुई एकदा तपासून बदलून घ्या. पावसाळ्यात गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढून घेते आणि ते तळाशी बसून टाकी आतून गंजवते.

प्रतिसाद : नानापेठकर

इंजिन बदलण्याचा सल्ला झटकून टाकलात हे उत्तम केलेत. इंजिन क्रमांक क्रँककेसवर असतो. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी असे क्रँककेस दिसतात, पण त्यांच्यासोबत बिल नसते आणि मूळ गाडी कोणाची होती हे कोणी सांगू शकत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची मान्यता आणि आरसीवर नोंद लागते. बिल नसलेल्या इंजिनाने हे होत नाही, आणि ती गाडी चोरीची निघाली तर चौकशी आपल्या दारी येते.

सील, बेअरिंग, ब्रेक शू, कोनसेट हे सर्व नाना पेठेत मिळते. खरेदी करताना जुना भाग सोबत न्या. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. केवळ "आरएक्सचे द्या" असे न म्हणता ते आकडे जुळवून घ्या.

प्रतिसाद : संथचालक

कागदांचा क्रम माझ्या मते असा असावा. सर्वप्रथम चेसिस क्रमांकाच्या नोंदीची दुरुस्ती, स्वतंत्र अर्जाने. त्यासोबत मूळ आरसी बुक, पेन्सिल प्रिंट आणि कोरलेल्या क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र द्या. पासिंगच्या दिवशी निरीक्षक गाडीवरचा क्रमांक नोंदीशी ताडून पाहतो. तिथे फरक निघाला तर गाडी कितीही चांगली असली तरी काम अडते. क्रमांकावर कानस, पॉलिश पेपर किंवा पंच अजिबात लावू देऊ नका. खाडाखोडीची शंका आली तर ती दूर करणे फार अवघड जाते. आपण केरोसीन आणि ब्रश वापरला हे योग्यच झाले.

दुरुस्ती झाल्यावर एचएसआरपी बसवून घ्या, कारण १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सर्व गाड्यांना ती सक्तीची असून तिच्याविना पुढची कामे अडवली जातात. मग विमा, पीयूसी आणि शेवटी नमुना २५ चा, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज. हा अर्ज मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत करता येतो. मुदत उलटली तर दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा भरावे लागतात, म्हणून दिवस राखून काम करा. शुल्काची तयारीही ठेवा. २०२१ मध्ये आपण ३०० रुपये भरले असतील. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील दुचाकींसाठी ते १००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरील दुचाकींसाठी २००० आहे. पर्यावरण कर त्याशिवाय वेगळा. तपासणी संगम पुलाजवळ की फुलेनगरला, हे अपॉइंटमेंटच्या पावतीवर पाहूनच निघा.

नावाचे हस्तांतर आत्ता मध्ये आणू नका. नूतनीकरण वडिलांच्याच नावाने करा आणि नवी मुदत नोंदली गेल्यावर नमुना २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर घ्या. विमाही त्याच वेळी नावावर करून घ्यायला विसरू नका.

आणि "पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच जाते" असे कोणी सांगितले तर घाबरू नका. पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची ती मर्यादा दिल्ली परिसराची आहे. आपल्याकडे खासगी दुचाकी तपासणीत उत्तीर्ण होत असेल तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येते.

प्रतिसाद : मुठाकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. गिअर ऑइल मोजून पाहिले, तूट स्पष्ट आहे. दोन्ही सील घेतले असून दुसऱ्या एका मेकॅनिककडे काम दिले आहे. चेसिस क्रमांकाच्या दुरुस्तीचा अर्जही दाखल केला.

एकच शंका उरली आहे. पुढचा ब्रेक दाबला तरी गाडी सावकाश थांबते. शू नवे आहेत. अनेक जण पुढे डिस्क ब्रेक बसवून घ्या असे सुचवतात. तसे करावे का?

प्रतिसाद : गिअरबॉक्स

करू नका. फोर्क आणि चाक बदलून डिस्क बसवणे हा मूळ रचनेतला बदल आहे, आणि पासिंगच्या तोंडावर तो अंगाशी येईल. शंभर सीसीच्या या हलक्या गाडीला मूळचा ड्रम पुरेसा आहे, फक्त तो नीट लागलेला हवा.

ड्रमच्या आत खडूच्या रेघा मारा, चाक बसवून ब्रेक धरत थोडे फिरवा आणि उघडून पाहा. खडू शूच्या फक्त टोकांना लागलेला असेल तर नवे शू ड्रमशी जुळलेले नाहीत. ते हलके घासून बसवावे लागतील. ब्रेक कॅम काढून साफ करा आणि अगदी थोडे ग्रीस लावा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर कॅमची दांडी आणि केबल यांच्यात काटकोन होईल, अशा रीतीने दांडी दात्यांवर बसवा. शेवटी एक्सलचा नट सैल ठेवून चाक फिरवा, ब्रेक घट्ट दाबून धरा आणि तो तसाच धरलेला असताना नट आवळा, म्हणजे ब्रेक प्लेट ड्रमच्या मध्यावर येते.

चाक काढलेलेच आहे तर टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. दुचाकीच्या टायरला खाचेची किमान खोली ०.८ मिलिमीटर लागते, पण खाच पुरेशी असली तरी रबर कडक होऊन बाजूला बारीक चिरा पडल्या असतील तर पासिंगच्या आधी टायर बदला. ओल्या रस्त्यावर असा टायर धरत नाही, मग ब्रेक कितीही चांगला लावलेला असो.