आई-बापाले कधी तोंडावर विचारलं का? (अनुभव सांगा)

काळीमाती (धागाकर्ती)
पोळ्याला गावी गेले होते. आदल्या संध्याकाळी बाबा बैलांची खांदशेकणी करत होते. हळद-तूप चोळता चोळता कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दरवर्षीचंच आहे. पण यंदा ओट्यावर बसल्या बसल्या पोटात कालवलं.

मी तिसरीत होते. आई आजारपणामुळे चार महिने आजोळी. बाबांना शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं वेड, जोडी घेऊन दोन-दोन दिवस गायब. डब्यात पीठ नाही, पण गोठ्यात ढेपेचं, म्हणजे बैलांच्या पेंडीचं पोतं कधी रिकामं नसायचं. एकदा धाकट्यानं तीच ढेप खाल्ली. रात्रभर ओकला. मी घमेलं धरून बसलेली आणि बाहेर बैलांच्या घंट्या.

तर मी विचारलं, "बाबा, आमाले कधी आवतन देल्लं का?"
हात न थांबवता म्हणाले, "तुमी काय पाहुने होते?"
भाऊ हसला. तोच, ढेप खाल्लेला.

तुमच्यापैकी कोणी विचारलंय का? काय झालं? मोकळेपणानं लिहा.

धुऱ्यावरचा
तळेगाव दशासरचा पट का? काय गर्दी राहे बाप्पा. 2014 ले बंदी आली तवा आमचा बुढा दोन दिवस जेवला नाही. माय गेली त्या दिवशी जेवला होता.

काळीमाती
हसू की रडू दादा. हो, तळेगावलाही जायचे.

वणीकडची
ताई वाचूनच कसंतरी झालं. नंतर लिहिते, गॅसवर भाजी आहे.

थोरली
पाचवीत असतानाचं. कापसाची वेचणी सुरू झाली का माझी शाळा बंद. धुऱ्यावर बाभळीले झोळी, त्यात लहाना, दुसरी पायाशी. माय पऱ्हाटीत. दिवाळीपासून थेट संक्रांतीपर्यंत हजेरीत गैरहजर. दोघंबी आता नोकरीवर, मी सातवी नापास.
मागच्या साली मायले म्हटलं, मलेच काहून बसवलं? ती तूर पाखडत होती. "मंग कोनं पाह्यलं असतं?" म्हणे. झालं. सूप चालूच.
रात्री तेलाची वाटी घेऊन आली, डोक्याले लावून देतो म्हणे. म्या नाही लावू देल्लं. तवापासून झोप नाही, खरं सांगतो.

वणीकडची
लावू द्यायचं होतं गं 😔

थोरली
तुमाले सोपं आहे.

वणीकडची
बरोबर आहे. चुकलं.

कोरडवाहू
सगळे आई-बापाले धुऊन राहिले इथं. 2004-05 पाहिलं का कोणी? नापिकी, वरून सावकार. 2006 ले पंतप्रधान आले, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज निघालं, आमच्या हाती काय लागलं ते आमालेच माहीत. बाप जिवंत राहिला हेच उपकार समजा. मायनं वेचलं नसतं तर खाल्लं काय असतं?

थोरली
मायनं वेचलं याचा राग नाही दादा. कोणी एकदा म्हणावं की पोरीचं नुकसान झालं. बस.

काळीमाती
कोरडवाहू दादा, गरिबीचा हिशोब कोणी मागतच नाहीये. आमच्याकडे ढेप विकत आणायला पैसे होते.

कोरडवाहू
हं. ते आहे.

नाव नको
माझं उलटं. बापानंच माझ्यावर अर्ज टाकला. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, त्यात एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेबांपुढे चालतं. महिना 10 हजारांपर्यंत लावू शकतात.
मी सहा वर्षांचा असताना हा माणूस दुसरं घर करून गेला. पुन्हा दिसला तो थेट माझ्या लग्नात, आहेर द्यायला नाही, जेवायला. हे सगळं मी तिथं सांगितलं. वीस वर्षं मनात जुळवलेलं भाषण पाच मिनिटांत संपलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चांगला माणूस. म्हणाले, तुमचं खरं असेल, पण माझ्यासमोरचा प्रश्न यांच्या जेवणाचा आहे. 3000 लावले.
बाप बाहेर येऊन म्हणतो, चहा पितो का. मी पाजला. पैसे मीच दिले अर्थात.

कागदवाला
आईनं तेव्हा पोटगी मागितली नव्हती का? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, आता 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 144. बायको, लेकरं, आई-बाप सगळे त्याच एका कलमात आहेत.

नाव नको
मागितली होती 1994 ला. 300 लागले. तेव्हा 500 च्या वर लावताच येत नव्हते म्हणे. दोनदा आले. तिसऱ्यांदा आई तालुक्याला जाऊन कोर्टाच्या पायरीवर बसून आली, बसभाडं अंगावर पडलं. मग तिनं नाद सोडला.
मी मात्र 5 तारीख चुकवत नाही. का ते मलाच कळत नाही.

वणीकडची
आले. माझे बाबा चंद्रपूर जिल्ह्यातले. 2015 ला दारूबंदी झाली तेव्हा आईनं पेढे वाटले. बाबा प्यायला वर्धा नदी ओलांडून वणीला, यवतमाळ जिल्ह्यात यायला लागले. आणि मला वणीचंच सासर मिळालं 😀 प्यायला येत आणि लेकीला भेटायला आलो म्हणून सांगत. एवढं तर लहानपणी कधी भेटले नव्हते. विचारलं नाही काही. आता 2021 पासून बंदी उठली तर येणंही बंद.

झाडीतला
आमचे बाबा झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकात. दिवाळी झाली की वडसा, नाटक मंडळ्यांचं गाव, ते शिमग्यापर्यंत घरी नाही. एका नाटकात त्यांचं पोरगं मरते, आणि ते असे रडत का बायाईचे पदर ओले. मी समोर तट्ट्यावर बसून पाहात होतो, अंगात ताप. अंक संपल्यावर मांग गेलो तर म्हणे, कोणासंग आला बे?

धुऱ्यावरचा
कोणतं नाटक? आमच्या गावात मंडईच्या जत्रेले येते दरसाल.

झाडीतला
नाव नाही सांगत. अजून चालू आहे 😅

ओसरी
वय 61. मी वाचतच होतो. लिहू की नाही कळत नव्हतं.
माझ्या मोठ्यानं मागच्या उन्हाळ्यात विचारलं. त्याला मारायचो मी, पिऊन नाही, शुद्धीत. तो म्हणाला, "आठवते का?" मी काही बोललो नाही. बंडीच्या आखाला वंगण द्यायला उठून गेलो. आठवत होतं सगळं. बेशरमाची काडी होती.
तो पुण्याला परत गेला. फोन करतो, पाऊसपाणी विचारतो. आता मी काय बोलावं?

काळीमाती
काका, नुसतं "आठवते" म्हणा.

नाव नको
फोनवर नका. समोर.

थोरली
अन् तो चिडला तर चिडू द्या. उठून जाऊ नका.

ओसरी
दिवाळीले येणार आहे.

कोरडवाहू
काका, कोणतं गाव? जवळ असाल तर येतो भेटाले.

धुऱ्यावरचा
ढेपेचं पोतं कितीले पडून राह्यलं तिकडे? आमच्याकडे लय वाढलं.