ईएसपी32 घरी सहा दिवस चालतो, बागेत एक रात्रही काढत नाही

डाळिंबवाला_सांगोला

नमस्कार. आमची सांगोल्याजवळ दोन एकर भगवा डाळिंबाची बाग आहे, जमीन हलकी, मुरमाड. वडील मूठभर माती दाबून ओल सांगतात आणि ते बहुतेक वेळा बरोबर असतात. पण गेल्या वर्षी फळ मोठं होताना पाण्यात खंड पडला, नंतर एकदम पाणी दिलं आणि बरीच फळं तडकली. तेव्हापासून ठरवलं की ठिबकच्या नळीखाली एक सेन्सर पुरायचा आणि ओल फोनवर बघायची.

सामान असं आहे: साधा ईएसपी32 डेव्हकिट (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड), मातीची ओल मोजणारा कपॅसिटिव्ह सॉइल सेन्सर, 2600 एमएएचचा एक 18650 सेल (चार्ज होणारा). मध्ये चार्जिंगचं आणि 5 व्होल्टला वाढवणारं छोटं मॉड्यूल. बोर्ड दर अर्ध्या तासाने उठतो, रीडिंग घेतो, वायफायवरून पाठवतो आणि डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळजवळ सगळं बंद करून झोपेत, जातो. घरातल्या टेबलावर हे सहा दिवस चाललं. मला महिने हवे होते, तरी म्हटलं आधी बागेत लावून बघू.

मोटारीच्या खोलीत राउटर ठेवला आणि सकाळी 10 ला सेन्सर पुरला. संध्याकाळी साडेपाचपर्यंत सगळी रीडिंग आली, मग बंद. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर सेल पूर्ण उतरलेला. सेल बदलला, पुन्हा तेच. अंतर जास्त पडतंय का? डीप स्लीप तर कोडमध्ये आहे, मग एवढी बॅटरी जाते कुठे?

सोल्डरगन

दोन गोष्टी सांगा. झोपलेला असताना सेलमधून करंट किती जातो? मल्टिमीटर सेलच्या वायरीत ओळीने लावून मोजा, मात्र बोर्ड उठेल तेव्हा झटका मोठा असतो म्हणून मीटर मोठ्या रेंजवर ठेवा. आणि मोटारीच्या खोलीत लाईट किती तास असते?

डाळिंबवाला_सांगोला

झोपेत 17 मिलिअँप दाखवतो. सेन्सरची वायर काढली की 10 च्या आसपास. शेतीची लाईट आठ तास. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. या आठवड्यात साडेनऊ ते साडेपाच.

सोल्डरगन

मग उत्तर तुमच्याच मजकुरात आहे. साडेपाचला लाईट गेली, राउटर बंद झाला. त्यानंतर बोर्ड उठला आणि वायफाय शोधत बसला. तुमच्या कोडमध्ये `while (WiFi.status() != WL_CONNECTED)` असं काहीतरी असणार, म्हणजे वायफाय जोडेपर्यंत थांबून राहा, आणि त्यातून बाहेर पडायला वाट नसणार. वायफाय शोधताना ईएसपी32 शंभराच्या पुढे मिलिअँप खातो. 5 व्होल्टला वाढवून देताना सेलमधून ते दोनशेच्या घरात जातं. 2600 भागिले 190 म्हणजे जेमतेम 14 तास. सकाळपर्यंत सेल संपणारच. अंतराचा प्रश्न असता तर दिवसभर रीडिंग आली नसती.

आज एवढंच करा: 10 सेकंदांत जोडलं नाही तर प्रयत्न सोडून झोपायचं. ते रीडिंग चिपच्या आरटीसी मेमरीत ठेवा, ती डीप स्लीपमध्येही टिकते. लाईट आली की साठलेली सगळी एकदम पाठवा.

आता ते 17 मिलिअँप. चिप स्वतः डीप स्लीपमध्ये 10 मायक्रोअँप घेते, म्हणजे तुमच्या आकड्याच्या हजारातला एक भागही नाही. बाकीचं सगळं आजूबाजूचं आहे: बोर्डावरचा एएमएस1117 रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवणारा भाग) काही काम नसताना 5 मिलिअँप गिळतो, लाल एलईडी सतत जळतो, 5 व्होल्टला वाढवणारं बूस्ट मॉड्यूल स्वतःचा वाटा घेतं आणि सेन्सर चोवीस तास चालू. सेन्सरला 5 मिलिअँपच लागतात, तेव्हा त्याचा प्लस एखाद्या आउटपुट पिनवरून द्या आणि मोजण्यापुरताच चालू करा. रीडिंगची पिन 32 ते 39 मधली घ्या. चिपमध्ये व्होल्टेज मोजणारे दोन भाग (एडीसी) असतात, त्यातल्या दुसऱ्याच्या पिना वायफाय चालू असताना मोजायला वापरता येत नाहीत.

डेव्हकिट टेबलासाठी असतो. शेतात फायरबीटल 2 सारखा बोर्ड लावा, त्यात सेल थेट जोडता येतो. एलईडीचा लो-पॉवर जंपर कापला की झोपेत दहा-पंधरा मायक्रोअँपच जातात. दर अर्ध्या तासाला 6 सेकंद जाग धरली तर सरासरी 0.4 मिलिअँप, हिशेबाने नऊ महिने. उन्हातला सेल धरून तुम्ही सहा समजा.

कोकणी_लोरा

सोल्डरगन म्हणतात ते सगळं बरोबर, पण मी वायफायच सोडून देईन. राउटर लाईटवर अवलंबून असेल तर अर्धी-अधिक रीडिंग उशिराच येणार, आणि पाणी कधी सोडायचं हे तर आत्ता ठरवायचं असतं.

माझ्या विहिरीच्या पातळीसाठी 3.3 व्होल्टचा प्रो मिनी हा छोटा बोर्ड आणि आरएफएम95 हा लोरा (कमी बॅटरीत लांब पल्ल्याचा) रेडिओ आहे. घरात इन्व्हर्टरवर दुसरा आरएफएम95 जोडलेला ईएसपी32 ऐकत बसतो. 20 बाइट पाठवायला साधारण 60 मिलिसेकंद लागतात, वायफायचे सहा सेकंद कुठे आणि हे कुठे! रेडिओ 868 वाला घ्या आणि फ्रिक्वेन्सी 865 ते 867 मेगाहर्ट्झमध्ये ठेवा, तो पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो. अँटेना जोडल्याशिवाय रेडिओ कधीही चालू करू नका.

आणखी एक, हे मी एक सेन्सर गमावून शिकलो. या मातीच्या सेन्सरच्या पट्टीची कापलेली कड पाणी पिते आणि महिन्याभरात रीडिंग भरकटतं. कडेला आणि वरच्या पार्ट्सना नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच पुरा.

डाळिंबवाला_सांगोला

दोघांचे मनापासून आभार. कोडमध्ये तीच ओळ होती, अगदी तशीच. 10 सेकंदांची मर्यादा घातली, सेन्सरचा प्लस पिन 25 वर घेतला. काल रात्रभर लाईट नव्हती, आज सकाळी सेल 4.05 व्होल्ट. साडेनऊला लाईट आली आणि रात्रीची सगळी रीडिंग एका दमात फोनवर आली. वडील शेजारीच उभे होते. त्यांनी माती दाबून बघितली, मग आकडा विचारला.

आता दोन आरएफएम95 मागवतोय. घर ते बाग साडेतीनशे मीटर, मध्ये एक चिंच आहे. कोकणी_लोरा, घरावर अँटेना किती उंच ठेवू?

कोकणी_लोरा

पत्र्याच्या वर निघाली की पुरे. चिंचेची काळजी करू नका. बागेतला डबा मात्र पांढरा घ्या आणि झाडाच्या सावलीत बांधा, तुमच्याकडचं एप्रिलचं ऊन सेलला मारतं.