लिबर्टेरियन चाचणीत तुमचे गुण किती? बरं, मग पुढे काय?
(चौघांची चर्चा, टोपणनावांनी)

दांडियाबाजार
ब्रायन कॅप्लान या अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची लिबर्टेरियन (म्हणजे सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी आणि व्यक्तीला जास्तीत जास्त मोकळीक हवी म्हणणारा) 'शुद्धता चाचणी' सध्या बडोद्यात बरीच फिरते आहे. ६४ प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. पहिल्या ३० प्रश्नांना प्रत्येकी १ गुण, पुढच्या २० ना ३, शेवटच्या १४ ना ५. एकूण १६०. 'माझे ८२', 'माझे ११०' असं मिरवणं चालू आहे.

माझ्या मते हा आकडा इथे कुचकामी आहे. गुण फक्त 'हो'ला मिळतात, एकही प्रश्न उलटा, म्हणजे 'नाही'ला गुण देणारा, नाही. त्यामुळे ज्याला मान डोलवायची सवय आहे तो आपोआप वर चढतो. दुसरं, पहिला भाग पूर्ण 'हो' आणि बाकी सगळं 'नाही' म्हटलं तरी ३०. फक्त तिसऱ्या भागातल्या सहांना 'हो' म्हटलं तरी ३०. दोन वेगळी माणसं, गुण एकच. आणि फेडरल रिझर्व्हबद्दल (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) बडोदेकराने मत द्यायचं ते कशाच्या जोरावर?

कोठीवरून
तुमचा ३० चा हिशेब कागदावर बरोबर, व्यवहारात नाही. प्रश्न पायऱ्यांसारखे लावलेत. सुरुवातीला 'कर फार जास्त आहेत का', शेवटी 'राज्यसंस्थाच बरखास्त करावी का'. राज्यच नको म्हणणारा माणूस कर कमी करायला नाही कशाला म्हणेल? म्हणजे वरच्या पायरीवरचा खालच्या बहुतेक पायऱ्या चढलेलाच असतो. याला गटमन पद्धतीची मोजपट्टी म्हणतात आणि तिच्यात एकाच आकड्यावरून उत्तरांचा नमुना बऱ्यापैकी ओळखता येतो. उलट्या प्रश्नांचा मुद्दा मात्र मान्य.

निजामपुरा_पूर्व
पायऱ्या एकाच जिन्याच्या असतील तर. इथे जिने दोन आहेत, आर्थिक स्वातंत्र्याचा आणि वैयक्तिक स्वातंत्र्याचा, आणि आपल्याकडे ते हमखास वेगळे पडतात. राजाजींचंच (चक्रवर्ती राजगोपालाचारी) बघा. १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला, परमिट-लायसन्स राजवर, म्हणजे प्रत्येक धंद्याला सरकारी परवाना लागण्यावर, तुटून पडले. पण मद्रास प्रांताच्या सरकारचे प्रमुख म्हणून १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली तीही त्यांनीच. याच पक्षाला १९६७ मध्ये गुजरात विधानसभेत ६६ जागा मिळाल्या होत्या, म्हणजे ही परंपरा आपल्या अंगणातली आहे. राजाजींना १६० पैकी एकच आकडा दिला तर त्यातून काय कळणार?

डेव्हिड नोलन यांनी आर्थिक आणि वैयक्तिक स्वातंत्र्य दोन अक्षांवर मांडलं ते याचसाठी. त्यावरून १९८५ मध्ये मार्शल फ्रिट्झ यांनी दहाच प्रश्नांची चाचणी केली: पाच वैयक्तिक, पाच आर्थिक, सहमत २०, कदाचित १०, असहमत ०. प्रत्येक अक्ष शंभरपैकी. खोट एवढीच, की पाच प्रश्नांत एक 'कदाचित' इकडचा तिकडे झाला की १० गुण सरकतात.

मांडवीकर
तर मग आपलीच करा. २० विधानं, दोन्ही अक्षांवर दहा-दहा, प्रत्येक दहात निम्मी उलटी. पाच पर्यायांचं उत्तर (पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत), आणि दोन्ही बेरजा वेगळ्या ठेवायच्या. एकत्र केल्या की राजाजींचा घोळ परत. विधानं इथली घ्या:

– शेतकरी नसलेल्यालाही गुजरातेत शेतजमीन विकत घेता यावी.
– अशांत धाऱ्याच्या (सरकारने 'अशांत' ठरवलेल्या वस्त्यांतल्या मालमत्तेच्या व्यवहारांवरचा गुजरातचा कायदा) भागात घर विकायला कलेक्टरची परवानगी असणं योग्य आहे. (उलटं)
– प्रौढ माणसाने घरात दारू प्यायली तर तो गुन्हा नसावा.
– आधार कार्ड नाही म्हणून कोणतीही सरकारी सेवा नाकारू नये.

'महसूल बुडतो म्हणून दारूबंदी उठवावी' असं मात्र लिहू नका. त्यात दोन प्रश्न एकात अडकलेत, शिवाय सरकारची तिजोरी भरावी असं वाटणाऱ्यालाही लिबर्टेरियन गुण मिळतात.

निदान शंभरेक जणांकडून भरून घ्या. ज्या विधानावर दहातल्या नऊ जणांचं एकमत होतं ते काढा, त्याने माणसं वेगळी होत नाहीत. एखाद्या विधानाचा त्याच अक्षाच्या उरलेल्या बेरजेशी सहसंबंध (दोन आकडे किती बरोबरीने वर-खाली होतात त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण) ०.२ पेक्षा कमी असेल तर तेही काढा. (उलट्यांचे गुण आधी फिरवून घ्या. हे विसरलं की चांगली विधानंच बाद होतात.) दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्याच हाती परत द्या. आकडे भलतीकडेच गेले तर तुम्ही मत नाही, त्या दिवसाची बातमी मोजली.

कोठीवरून
गरब्याचं विधान कुठाय? रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, पण नियमातच राज्याला वर्षात १५ दिवसांपर्यंत १२ वाजेपर्यंत सवलत देता येते. बडोद्यात याहून जिव्हाळ्याचा प्रश्न नाही.

निजामपुरा_पूर्व
घेऊ नका. 'मैदान आमचं, तिकीट आम्ही काढलं' म्हणणारा लिबर्टेरियन आणि 'तुझा आवाज माझ्या खिडकीतून आत येतो' म्हणणाराही लिबर्टेरियन. गुण कुणाला द्याल?

मांडवीकर
बेरजेत नको, पण प्रश्न ठेवा. बाकी उत्तरं सारखी असलेल्यांत 'मला मोकळीक हवी' आणि 'दुसऱ्याला इजा नको' हे दोन गट यानेच वेगळे दिसतील.

दांडियाबाजार
मग सयाजीरावांचंही घ्या. १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण, पोर शाळेत धाडलं नाही तर पालकांना दंड. कडक लिबर्टेरियनने याला नाहीच म्हणायला हवं. इथला कोण म्हणतो ते बघूच!

कोठीवरून
महाराजांचं नाव घातलंत की मोजाल ती भक्ती. निम्म्या प्रतींवर नावासकट छापा, निम्म्यांवर नुसतं 'राज्याने मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड करावा'. कुणाला कोणती प्रत हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, ओळखीपाळखीने नको. दोन सरासरींतला फरक तो नावाचा. बेरजेत बिननावाचंच विधान घ्या.

दांडियाबाजार
हे पटलं. पण ११० वाले ही चाचणी भरणार नाहीत, लिहून ठेवा. यात मिरवायला एक आकडाच उरत नाही.