मदत हवी आहे: भिंतीला टेकवून ठेवायला कोणते बुकशेल्फ स्पीकर?

नमस्कार मंडळी. नागपुरात नंदनवनला राहतो, खोली 10 बाय 12. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन, तबला आणि जुनी मराठी गाणी. अँप्लिफायर आहे, 30 वॉट प्रति चॅनल.

मन दोन जोड्यांत अडकलंय: वॉर्फडेल डायमंड 12.1 आणि इलॅक डेब्यू बी5.2. कागदावर वॉर्फडेलची संवेदनशीलता (ठरावीक पॉवरला किती आवाज निघतो) 88 डेसिबल, विद्युत रोध 8 ओहम. इलॅक 86 डेसिबल, 6 ओहम. म्हणजे तेवढ्याच आवाजाला इलॅकला साधारण दीडपटीहून जास्त वॉट लागणार. पण खरी अडचण वेगळीच. स्पीकर भिंतीतल्या कपाटात बसवायचे आहेत, मागे जेमतेम चार बोटं जागा. वॉर्फडेलचं पोर्ट (बेससाठी डब्याला ठेवलेलं हवेचं भोक) मागे, इलॅकचं पुढे.

सध्याच्या जुन्या जोडीचंही पोर्ट मागेच आहे. डग्ग्यावर नुसता हात घासला तरी घुमारा उठतो आणि गायकाचा खर्ज त्यात बुडतो. शेवटी पोर्टात मुलाचा मोजा कोंबला (धुतलेला होता!), तर घुमणं कमी झालं, पण तबलाही पोकळ वाटायला लागला.

बर्डीच्या बाजारात दोन-तीन दुकानं फिरलो. सगळीकडे साउंडबारच पुढे करतात, आणि लावून दाखवलं तेही धडाधड बेसवालं गाणं. त्यावरून तानपुऱ्याचं काय कळणार?

तर कोणी यांपैकी एखादी जोडी भिंतीजवळ ठेवून वापरली आहे का? इलॅकला 30 वॉट पुरतात का? उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीवर आवाज चढवावा लागतो, हेही धरून सांगा. आणि नागपुरात कोणाकडे ऐकायला मिळाले, तर चहा-तर्री पोहे माझ्याकडून.