लोकं ऐकत नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी एक म्हैस होडीत चढवून दाखवावी

नदीकाठचा:
परवा इथंच एकानं पोस्ट टाकली, बऱ्याच जणांनी वाचली असेल. म्हणणं असं की पूरपट्ट्यातली लोकं हट्टी, प्रशासन नोटिसा देतंय, भोंगा लावून रिक्षा फिरवतंय, तरी घरं सोडत नाहीत आणि पाणी गळ्याला लागलं की बोलवा एनडीआरएफला. म्हणून सांगितल्या वेळेत जे बाहेर पडणार नाहीत त्यांना सानुग्रह अनुदान देऊच नये. खाली नुसते अंगठे आणि टाळ्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडी पट्ट्यातला. २००५ च्या पुरात पाणी आमच्या सोप्याच्या दुसऱ्या पायरीला टेकून माघारी गेलं. आज्ज्यानं तिथं खिळ्यानं रेघ मारून ठेवली. पुढची चौदा वर्षं आमच्या घराचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा म्हणजे ती रेघ. २०१९ च्या ऑगस्टला नोटीस आली, त्यात काय, तर राजाराम बंधाऱ्याची पातळी धोका पातळी ओलांडण्याची शक्यता, तरी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे. बंधारा कसबा बावड्यात, आम्ही नदीच्या वरच्या अंगाला. तिथं धोक्याचे ४३ फूट झाले म्हणजे माझ्या गोठ्यात किती, हे ना नोटिशीत ना नोटीस आणणाऱ्याला ठाऊक. विचारलं तर म्हणाला सही करा, मला अजून चाळीस घरं आहेत. त्या साली बंधाऱ्यावर ५५ च्या वर गेलं आणि आज्ज्याची रेघ पुरुषभर पाण्याखाली.

आता सुरक्षित स्थळ. एका शाळेचे दोन वर्ग मिळाले, माणसांची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या चार म्हशी आणि एक रेडकू. फाटकावरचा म्हणाला जनावरं आत घ्यायची ऑर्डर नाही. वडील एक शब्द बोलले नाहीत, सगळी जनावरं घेऊन माघारी वळले. रात्री दोनला चुलत्याचा फोन, पाणी खुंट्याला लागलंय. वडलांनी कोयत्यानं दावी कापली, एकेकीच्या पाठीवर थाप मारली, रेडकू खांद्यावर घेतलं आणि माळ्यावर चढले. सकाळी दोघांना होडीतनं काढलं. तीन म्हशी पाचव्या दिवशी वरच्या माळाला सापडल्या. चौथी, दोन्ही वेळचं मिळून बारा लिटर देणारी, ती नाहीच.

माझं म्हणणं साधं आहे. आराखडा डोकी मोजून करताय, घर बघून नाही. जनावरं कुठं बांधायची, वैरण कुठली, धार काढायला जागा कुठं, हे ज्या कागदात नाही तो कागद बघून कोण घर सोडणार? मी तरी नाही सोडणार.

पेठेतला_गडी:
ती पोस्ट माझी. बारा लिटर वगैरे वाचून वाईट वाटलं, पण मुद्द्यावर येऊया. २०१९ ला मी होडीवर होतो, दुकान बंद ठेवून सहा दिवस. एका घराला तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा म्हणाले चहा घेऊन जावा. दुसऱ्यांदा म्हणाले उद्या बघू. तिसऱ्यांदा रात्री साडेअकराला पत्र्यावर बसून बॅटरी दाखवायला लागले. पंख्यात दोर अडकून आमचीच होडी गरागरा फिरायला लागली ती पाच मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. त्याच आठवड्यात ८ तारखेला सांगलीकडं ब्रह्मनाळला होडी उलटून १७ जण गेले. आणि तुमच्याकडं तर १९८९ च्या पुरानंतर वर उंचावर सोनतळीला प्लॉट दिलेत की. तीस वर्षं होऊन गेली. तिथं घर न बांधता खाली नदीकाठी स्लॅब ओतला, वर प्रशासनाला शिव्या. हे कुठलं गणित?

नदीकाठचा:
ब्रह्मनाळचं नाव काढलंस ते बरं केलंस भावा. ती होडी ग्रामपंचायतीची होती, आणि माणसं त्यात हट्टानं नाही, बाहेर पडायच्या घाईनं चढली होती. म्हणजे तुझाच दाखला तुझ्या विरुद्ध. सोनतळीचं म्हणशील तर प्लॉट मिळाला तेव्हा आज्ज्याचं एक घर, आता तीन भावांच्या तीन चुली. शेत खाली, गोठा खाली, नदी खाली. पहाटे चारला धार काढायला वरनं खाली यायचं आणि दूध घालायला डेअरीत पण खालीच जायचं. हां, काहींनी वर पण बांधलं आणि खालचं पण सोडलं नाही, ते मान्य. सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत.

कृष्णाकाठ_सांगली:
तुम्ही लोकं फांद्या तोडत बसलाय, मूळ कर्नाटकात आहे. अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटर ठरलेली असताना २०१९ ला आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फूट, आणि कृष्णा पाणीवाटप लवादानं परवानगी दिलीय ५२४.२५६ ची. उंची वाढल्यावर म्हशी काय, हत्ती पण पोचणार नाही माळावर. तुमचे आराखडे घाला चुलीत.

लाल_फीत:
आलेच का अलमट्टीवाले. सरकारनंच पुराच्या अभ्यासाला नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराला अलमट्टी जबाबदार नाही असं लिहून ठेवलंय, तो अहवाल कधी उघडलाय का? शिरोलीजवळ हायवेचा भराव बघा, नदीला आडवा बांधच घातलाय. जयंती नाल्याच्या काठची बांधकामं बघा. निळ्या पूररेषेच्या आत, जिथं बांधकामच करायचं नाही तिथं, रो-हाऊस उभी आहेत आणि जाहिरात काय, तर रिव्हर व्ह्यू. व्ह्यू मिळतोय की दर दोन वर्षांनी, दिवाणखान्यात बसून.

कृष्णाकाठ_सांगली:
समितीत मतभेद झाले, एक सदस्य बाहेर पडले, ते पण सांगा की. अर्धवट सांगू नका. आणि भराव सगळा कोल्हापुरात, मग सांगलीत पाणी का तुंबतं?

लाल_फीत:
कृष्णा-वारणेचा संगम तुमच्या उशाला आहे म्हणून. आणि संगमापर्यंत तुम्हीही प्लॉटिंग पाडलंय म्हणून.

कृष्णाकाठ_सांगली:
तुम्ही सरकारी नोकरीत होता का हो? बोलण्यावरनं तसंच वाटतंय.

लाल_फीत:
होतो. एका तहसील कार्यालयात एकोणीस वर्षं काढली, कुठलं ते सांगणार नाही. आता शिव्या खाणारच आहे तर खरं सांगून खातो. मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक असते. तिच्या आदल्या आठवड्यात आराखडा 'अद्ययावत' करायचा, म्हणजे मागच्या वर्षीची फाईल उघडायची आणि मुखपृष्ठावरचं साल बदलायचं. एकदा वाचत बसलो तर आत सापडलं, समुद्रालगतच्या गावांनी मच्छीमारांना खोल समुद्रात न जाण्याच्या सूचना द्याव्यात. पंचगंगेच्या खोऱ्यातला तालुका, समुद्र घाटाखाली! कुणीतरी कोकणातली फाईल आणून चिकटवलेली आणि ती तीन पावसाळे तशीच मंजूर होत होती. पट्टीचे पोहणारे म्हणून यादी होती, त्यातल्या पहिल्याच माणसाला फोन लावला तर त्याची मुलगी म्हणाली, बाबा जाऊन दोन वर्षं झाली.

पण दुसरी बाजू पण ऐका. २००५ च्या कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर, सहअध्यक्ष झेडपीचा अध्यक्ष. गावात पाणी शिरतं तेव्हा प्रत्यक्ष उभे असतात तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि कोतवाल. त्यांच्या हातात काय? एक बॅटरी आणि रजिस्टर. नदीकाठच्यांना नोटीस देणारा तो माणूस उद्धट होता असं वाटलं असेल, त्याला खरोखरच चाळीस घरं होती हो.

नदीकाठचा:
तो उद्धट होता असं मी म्हटलंच नाही. त्याला माहीत नव्हतं एवढंच म्हटलं.

गोठेवाला:
मूळ पोस्टमधल्या एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही. दावी कापायला रात्री दोन का वाजले? म्हैस पट्टीची पोहणारी, तिला वेळेत मोकळं सोडलं तर ती स्वतः माळ गाठते. आमच्या आजोबांचा नियम, मच्छिंद्री झाली, म्हणजे पंचगंगेचं पाणी शिवाजी पुलाच्या ठरलेल्या खुणेला लागलं, की दावं सोडायचं. बंधारा, फूट, टीएमसी काही नाही. पुलावर जाऊन बघायचं आणि घरी येऊन दावं सोडायचं.

नदीकाठचा:
आणि मोकळ्या म्हशी चार गावं फिरून कुणाच्या उसात घुसल्या की भांडण कोण सोडवणार, तुझे आजोबा?

गोठेवाला:
उसाचं काय घेऊन बसलास, ऊस आधीच पाण्यात असतो. गाभण म्हशीचं मात्र खरं अवघड आहे, ती प्रवाहात टिकत नाही. आणि जर्सी गाय तर विचारूच नको.

जनावरांची_डॉक्टर:
मध्ये बोलते. ओढ असेल तर म्हैस पण दमते, पाण्यातल्या तारेच्या कुंपणात अडकते, मी स्वतः अशी दोन सोडवलीयत आणि चार नाही सोडवता आली. मोकळं सोडणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. पहिला उपाय पाणी रस्त्यावर यायच्या आत ट्रॅक्टर-ट्रॉलीतनं हलवणं. एकदा रस्ता बुडला की खेळ खलास, कारण रबरी होडीत म्हैस चढत नाही, चढवली तर खुरानं होडी फाटते.

पण सगळ्यात चीड कशाची येते ते सांगते. वाहून गेलेल्या जनावराची भरपाई. २०१९ च्या निकषात दुभत्या म्हशीला ३० हजार होते, तेसुद्धा मोठी तीन जनावरं एवढीच मर्यादा. बरं, त्यालाही पंचनामा हवा, आणि पंचनाम्याला मढं हवं. वाहून गेलेलीचं मढं आणायचं कुठनं? एक आज्जी माझ्याकडं म्हशीच्या कानातला बिल्ला घेऊन आली होती, रुमालात बांधून. बिल्ला आधीच कधीतरी तुटून पडलेला तिनं फडताळात जपून ठेवला होता. म्हणाली हा पुरावा चालंल का. मी काय सांगणार.

पेठेतला_गडी:
हे मला माहीत नव्हतं.

गोठेवाला:
३० हजारात म्हैस? ३० हजारात म्हशीचं शेपूट पण येत नाही.

वाशिष्ठीकाठ:
तुमच्याकडं निदान नोटीस येते, रिक्षा फिरते. आमच्या चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी घरात आलं तेव्हा आम्ही झोपलेले. एसटी आगाराचे व्यवस्थापक गल्ल्याची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते, पेपरात आलेलं. माझ्या सासूबाईंनी पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूकडे दिवसभर बसून शेंगा सोलल्या, हातांना काहीतरी हवं म्हणून. तुमच्या घाटावर पाणी चढायला दोन दिवस घेतं आणि दोन दिवस तुम्ही फूट मोजत बसता. आम्हाला दोन तास मिळाले असते तर दुकानातलं फ्रीज तरी वर चढवलं असतं. तेव्हा सॉरी, पण "नोटीस नीट लिहिली नव्हती" ही तक्रार मला जरा श्रीमंती वाटते.

नदीकाठचा:
वहिनी, श्रीमंती म्हणा काय पण म्हणा, पण न कळणारी नोटीस आणि न आलेली नोटीस यात फरक किती? तुमच्याकडं नदी घाईची, आमच्याकडं फुगवट्याची, म्हणून तर म्हणतोय एकच छापील मसुदा सगळीकडं चालत नाही.

वाशिष्ठीकाठ:
तेही आहेच म्हणा.

पेठेतला_गडी:
बरं, मला एक सांग. २०२१ ला परत तेवढंच पाणी आलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?

नदीकाठचा:
पहिल्याच दिवशी बाहेर. जनावरं आधी, माणसं मागनं. सोनतळीलाच गेलो. गावातल्या पोरांनी सहा ट्रॉल्या ठरवल्या होत्या, डिझेल वर्गणीतनं. वैरण पाहुण्यांच्यातनं आणली. एक पण जनावर गेलं नाही. कुणी नोटीस द्यायची वाट बघितली नाही.

पेठेतला_गडी:
म्हणजे शेवटी सोनतळीलाच गेलात. मी तेच म्हणत होतो.

नदीकाठचा:
आणि जनावरांची सोय झाली म्हणून गेलो. मी पण तेच म्हणत होतो.

लाल_फीत:
दोघांचं एकमत झालंय, फक्त दोघांना कळलं नाही अजून. त्या सहा ट्रॉल्यांची नावं आणि नंबर ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घाला, ठराव करून. डिझेलचे पैसे कुठल्या तरी हेडला बसतात. वर्गणी काढायची गरज नाही, फक्त मे महिन्यात मागायचं. ऑगस्टमध्ये मागितलं तर माझ्यासारखाच कुणीतरी बसलेला असतो, तो म्हणणार तरतूद नाही.

नदीकाठचा:
आणि विजेच्या खांबांवर पट्टे मारून द्या म्हणावं. बंधाऱ्यावर ४३ तेव्हा इथं एवढं, ४७ ला एवढं, ५० ला एवढं. दोन पुराच्या खुणा गावातल्या भिंतींवर आहेतच, कुणी मोजायला आलं पाहिजे.

पेठेतला_गडी:
खांबावर मारायला वीज मंडळाची परवानगी लागेल, ती यायला अजून दोन पूर जातील. देवळाच्या भिंतीवर मार. रंगाचं दुकान माझंच आहे, ऑइलपेंट देतो, पैसे नकोत. आणि अनुदान बंद करा म्हटलं होतं तेवढं मागं घेतो. हट्टी आहात ते आहातच.

नदीकाठचा:
दोन डबे लागतील. लाल एक, पांढरा एक. रविवारी ये, ब्रश पण घेऊन ये. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही, तीन खेपा घालायला लागल्या तरी.

गोठेवाला:
पट्ट्यांत मच्छिंद्रीची पण एक खूण टाका.

कृष्णाकाठ_सांगली:
अलमट्टीच्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, नोंद घ्यावी.