वजन ११८ किलो, वेट ट्रेनिंग सुरू करायचंय. सुरुवात कुठून?

जडभरत

वय ३८, पुरुष, उंची १७२ सेंमी, वजन ११८ किलो. ८५ च्या आसपास यायचंय. काम बैठं. बीपीची एक गोळी चालू, बीपी आटोक्यात, शुगर नॉर्मल. डावा गुडघा जिना उतरताना पुढून दुखतो, सूज नाही. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही असं सांगितलंय. जिममध्ये बारबेल, दोन-दोन किलोच्या टप्प्याने डंबेल्स, केबल, लेग प्रेस आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी तासभर देता येईल.

आधी चालून १०-१५ किलो उतरवावेत आणि मग लोखंडाला हात लावावा, की लगेच? मशिन की फ्री वेट (बारबेल-डंबेलसारखी सुटी वजनं)? खाली वाकलं की पोट मध्ये येतं, मग स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा) आणि डेडलिफ्ट (खालचा बार धरून उभं राहणं) यांचं काय करायचं? आणि काटा साधारण कधी हलायला लागतो?

खडूचे_हात

लगेच सुरू करा. नुसतं कमी खाऊन आणि चालून वजन उतरवलं तर उतरलेल्यापैकी साधारण पाव हिस्सा चरबी नसते, त्यात स्नायूही जातात. ११८ किलो रोज वागवून मांड्या-पोटऱ्या आधीच बऱ्यापैकी दणकट झालेल्या असतात. त्या आधी घालवायच्या आणि मग परत कमवायला जिमची फी भरायची, हा उलटा कारभार झाला. त्यात नवशिक्याला एक सवलत असते: पहिले काही महिने कमी खाऊनही स्नायू थोडे वाढू शकतात. ती सवलत ट्रेडमिलवर वाया घालवू नका.

मशिन-फ्री वेट वादात पडूच नका. ज्या व्यायामात निम्मी ताकद तोल सांभाळण्यात जाते, तो सध्या बाद. एवढी एकच चाळणी लावा. ती लावून उरतं ते असं (रेप म्हणजे व्यायामाचं एक आवर्तन, सेट म्हणजे न थांबता काढलेल्या रेप्स):

दिवस अ: बाकावर टेकून डंबेल स्क्वॉट ३ सेट, ८ ते १२ रेप्स. इन्क्लाइन डंबेल प्रेस ३ सेट, ८ ते १२. बसून केबल रो (केबल पोटाकडे ओढणं) ३ सेट, १० ते १२. शेवटी दोन्ही हातांत डंबेल घेऊन ३० मीटर चालणं, ३ फेऱ्या.

दिवस ब: उंचावर ठेवलेल्या बारने डेडलिफ्ट ३ सेट, ६ ते ८. लॅट पुलडाऊन (वरची दांडी छातीकडे ओढणं) ३ सेट, १० ते १२. बसून डंबेल शोल्डर प्रेस २ सेट, ८ ते १२. लेग प्रेस २ सेट, १२ ते १५.

आलटून पालटून करा, मध्ये एक दिवस सुट्टी. एका आठवड्यात अ-ब-अ, पुढच्या आठवड्यात ब-अ-ब. स्क्वॉट, डेडलिफ्ट, लेग प्रेसच्या सेट्समध्ये २ ते ३ मिनिटं थांबा, बाकीच्यांत दीड-दोन. धापा टाकत पुढचा सेट घेतला तर स्नायूंच्या आधी दम संपतो आणि त्या सेटचा उपयोग उरत नाही.

इन्क्लाइन एवढ्यासाठी, की या वजनाला सपाट बाकावर आडवं झालं की पोटाचा भार वर सरकतो आणि श्वास कोंडतो. बाक ३० अंशांवर ठेवा. त्यावरून उठायलाही सोपं जातं. पण आधी बाकावर लिहिलेली भारमर्यादा वाचा. तिच्यात तुमचं वजन आणि हातातली डंबेल्स, दोन्ही धरायची असतात.

लेग प्रेसवर पाय खांद्यांपेक्षा रुंद, पंजे थोडे बाहेर, म्हणजे गुडघे पोटाच्या दोन्ही बाजूंनी येतात. माकडहाड गादीवरून उचललं जायला लागलं की तिथून मागे फिरा, त्यापुढे कंबर वाकते. या मशिनवर प्लेटा चढवत सुटायचा मोह होतो, कारण तिथे आकडे फार लवकर फुगतात. त्या आकड्यांवर जाऊ नका.

पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट आणि वजन ‘एवढंसंच?’ वाटेल इतकं हलकं. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, पण स्नायूबंधांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात अंगात जोर आल्यासारखं वाटतं आणि बरोबर तेव्हाच कोपर किंवा गुडघा कुरकुरायला लागतो, त्याचं कारण हेच. अंग सर्वात जास्त दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतं, ते ठीक. मात्र दुखणं आणि सूज प्रमाणाबाहेर असेल किंवा लघवी काळपट तपकिरी झाली, तर घरी वाट बघायची नाही, थेट दवाखाना. पहिल्याच दिवशी हौसेने शंभर-शंभर रेप्स मारणाऱ्यांचे स्नायू फुटून किडनीवर येतं.

पळापळ

वेट मारून वजन वाढतं, कमी होत नाही. रोज एक तास ट्रेडमिल, विषय संपला.

अर्धा_किलो

@पळापळ, काट्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वाढू शकतं, तेवढं खरं. पण ते पाणी असतं. सवय नसलेल्या स्नायूंना सूक्ष्म इजा होते, तिथे पाणी धरलं जातं. स्नायूंत साठणारी साखरही आपल्या तिपटीएवढं पाणी बरोबर घेते. किलो-दीड किलो चढलेलं दिसलं म्हणून व्यायाम सोडणारे पुष्कळ, आणि ते नेमके तिसऱ्या आठवड्यात सोडतात.

उरलेलं अर्धं मात्र सगळ्यांनीच ऐकावं: वेट ट्रेनिंगने वजन उतरत नाही, खाण्यातल्या तुटीने उतरतं. ट्रेनिंग फक्त ठरवतं की गेलं ते चरबीतून गेलं की स्नायूंतून. घड्याळ दाखवतं त्या ‘बर्न’ कॅलरी जेवणात परत मिळवू नका, ते आकडे फार ढोबळ असतात.

जडभरत, तुमचा हिशेब, वजन-उंची-वयाच्या सूत्राने. १० × ११८ अधिक ६.२५ × १७२ वजा ५ × ३८ अधिक ५, म्हणजे २०७०. नुसतं पडून राहिलात तरी एवढ्या कॅलरी लागतात. बैठं काम आणि तीन दिवस जिम धरून १.३५ ने गुणा, साधारण २८००. त्यातून ६०० कमी करा, म्हणजे २२०० ने सुरुवात. एक किलो चरबी ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तेव्हा आठवड्याला अर्धा किलोच्या जरा वर. ३३ किलोंना सव्वा ते दीड वर्ष धरून चाला.

सूत्राचा आकडा हा अंदाज असतो. तीन-चार आठवडे रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. कालच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून काहीच कळत नाही, सरासरीची सरासरीशी तुलना करा. महिनाभरात सरासरी हललीच नाही तर १५०-२०० कॅलरी आणखी कमी करा. उलट पहिले दोन आठवडे सोडून दर आठवड्याला सव्वा किलोच्या वर जात असेल तर थोडं वाढवा. दीड किलोच्या पुढचा वेग सतत राहिला तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

प्रथिनं लक्ष्य-वजनावर मोजा, आजच्या वजनावर नाही. किलोमागे १.६ ग्रॅम धरून ८५ × १.६ म्हणजे दिवसाला १३५ ग्रॅमच्या आसपास, तीन-चार वेळांत विभागून. ११८ ने गुणलं तर १९० येतात. ते गाठता गाठता बाकीचं जेवण बिघडतं आणि फायदा फारसा वाढत नाही.

एक गोष्ट बहुतेकांना वेळेवर कळत नाही. १०५ किलोवर आलात की तुमची गरजच पावणेदोनशे कॅलरींनी घटलेली असते. जेवण तेच, पण ६०० ची तूट आता सव्वाचारशेवर आली. ‘वजन अडकलं’ म्हणतात त्यातलं बरंचसं हेच असतं. दर पाच-सात किलोंनी हिशेब नव्याने मांडा.

मणका

गुडघ्याबद्दल. जिना उतरताना पुढून दुखणं हे बहुतेकदा वाटीवर पडणाऱ्या भाराचं असतं. गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल किंवा सुजत असेल तर आधी तपासून घ्या. यातलं काही नसेल तर मांडीची ताकद वाढवणं हाच त्यावरचा इलाज. पण गुडघ्याला बाशिंग बांधायची घाई नको, विशेषतः तो दुखत असताना.

बाक आधी उंच घ्या, ५० सेंमी. हातात काहीही न घेता ३ × १० करा. गुडघा पुढे गेला तर घाबरू नका, तो पंजाच्या दिशेतच राहतोय एवढं बघा, आत कोसळता कामा नये. शून्य ते दहाच्या मापावर दुखणं तीनपर्यंत चालेल, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं असावं. आलं नाही तर पुढच्या वेळी उंची वाढवा, व्यायाम बंद करू नका. सलग तीन वेळा निवांत गेलं तर उंची दोन-तीन सेंमीने उतरवा. उंची उतरवणं आणि वजन वाढवणं एकाच दिवशी नको, नाहीतर दुखलं कशाने ते कळत नाही.

बाकावर बसताना शेवटचे पाच सेंमी ‘धप्प’ होतात, तिथे बघा. त्या आपटण्याचा दणका थेट मणक्यांना बसतो आणि मांडीचं काम नेमकं जिथे व्हायला हवं तिथेच चुकतं. तीन मोजत खाली जा, बाकाला कपडा लागला की वर या. तीन मोजता येत नसेल तर बाक अजून उंच हवा.

श्वास. बीपी असलेल्यांनी श्वास रोखून, चेहरा लाल करून रेप काढायची नाही, त्या क्षणी दाब खूप वर जातो. खाली जाताना घ्या, वर येताना सोडा. सेट संपल्यावर, खास करून लेग प्रेसवरून, झटकन उठू नका. वजन उतरत गेलं की बीपीही उतरतं, मग तीच गोळी जास्त व्हायला लागते. उभं राहताना चक्कर यायला लागली तर रीडिंग्ज लिहून डॉक्टरांकडे जा, गोळी मनाने बंद करू नका. धागा वाचणाऱ्यांपैकी कुणी इन्सुलिन किंवा साखर खाली खेचणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेत असेल, तर त्यांनी तूट आणि व्यायाम सुरू करायच्या आधीच डोस ठरवून घ्यावा. छातीत दाब वाटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबायचं.

जडभरत

खूप धन्यवाद सगळ्यांना. तीन शंका उरल्यात. वजन नक्की केव्हा आणि किती वाढवायचं? डेडलिफ्टला पोट आड येतं त्याचं काय? आणि कमरेला बांधायचा पट्टा घ्यावा का?

खडूचे_हात

वजन वाढवणं: समजा ८ किलोच्या डंबेलने स्क्वॉट ८, ८, ८ झाले. तेच डंबेल ठेवून पुढच्या वेळी ९, ८, ८, मग ९, ९, ८, असं करत १२, १२, १२ पर्यंत जा. त्यानंतर १० किलो, आणि परत ८ वर. ८ वरून १० ही २५ टक्के उडी आहे, त्यामुळे ७ वरच अडकलात तरी बिघडलं नाही. बारबेलला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो, म्हणजे एकूण अडीच.

सेट कुठे थांबवायचा? अजून दोन-तीन निघाल्या असत्या असं वाटतं तिथे. नवशिक्यांचा हा अंदाज सहसा चुकतो, पाच शिल्लक असताना दोन वाटतात. म्हणून महिन्यातून एकदा केबल रोच्या शेवटच्या सेटला, फक्त मशिनवरच, खरंच निघत नाही तोपर्यंत काढून बघा. रेप आपोआप संथ होते ती जागा लक्षात येते, पुढे तीच खूण. दोन वेळा सलग रेप्स घटल्या तर आधी झोप आणि जेवण तपासा. दोन्ही नीट असेल तर एक आठवडा सेट निम्मे करा.

डेडलिफ्ट: मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंमी, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंमीवर असतो. तुम्हाला सुरुवातीला लागतील ५ किलोच्या छोट्या प्लेटा, त्यांनी बार आणखी खाली जातो. पोट मांडीला टेकतं, पुढे वाकायला जागा उरत नाही आणि उरलेलं वाकणं पाठ गोल करून होतं. म्हणून बार रॅकच्या दांड्यांवर, गुडघ्याच्या किंचित खाली ठेवा. पाय खांद्यांहून रुंद, पंजे बाहेर, हात मांड्यांच्या आत. बार मांड्यांना घासत वर यायला हवा. तो पुढे लोंबकळला की कंबर भरलीच समजा. पोट कमी होईल तसे दांडे एकेक भोक खाली घ्या. षटकोनी बार असेल तर सोन्याहून पिवळं, त्यात उभे राहून उंच मुठीने उचला.

नुसता बार २० किलोचा असतो, तो हिशेबात धरायचा. पहिले दोन आठवडे तेवढाच पुरे.

पट्टा नको. या वजनांना त्याची गरज नसते, आणि मोठ्या पोटावर तो वर सरकून बरगड्यांत रुततो. त्या पैशात दोन गोष्टी घ्या: कडक, सपाट तळव्याचे बूट (पळायच्या बुटांचा फोम दबला की घोटा आत झुकतो आणि मागोमाग गुडघा) आणि मांडी अर्धी झाकणारी घट्ट शॉर्ट्स. मांड्या घासून कातडी सोलवटली की माणूस आठवडाभर जिमकडे फिरकत नाही. हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं.

अर्धा_किलो

काट्याबरोबर टेपही ठेवा. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता, दर दोन आठवड्यांनी त्याच वेळेला माप घ्या. काटा थांबलेला असताना कंबर दीड सेंमीने उतरलेली दिसली तर जेवणाला हात लावू नका.

@पळापळ, चालणंही हवंच, पण ते जिमच्या नंतर किंवा सुट्टीच्या दिवशी. आत्ता दिवसाला ३००० पावलं होत असतील तर थेट दहा हजार नकोत, जडभरत यांच्या गुडघ्याला ती उडी वेट्सपेक्षा महाग पडेल. दर आठवड्याला ५००-१००० वाढवत न्या.

मणका

+१. आणि उताराच्या रस्त्यावर सध्या चालू नका. उतारावर गुडघ्याच्या वाटीवर जिन्यासारखाच भार येतो. सपाटीवर चाला, ट्रेडमिल असेल तर थोडा चढ लावा.