मदत हवी आहे: आईबाबांना विंटरफेस्टला न्यावं का?

नाशिकहून आलेल्या आईबाबांना आणि ४ वर्षांच्या लेकीला अमेरिकेतल्या सिनसिनाटीजवळच्या किंग्ज आयलंड या अम्युझमेंट पार्कला, तिथल्या विंटरफेस्टला (नाताळच्या उत्सवाला) न्यायचा विचार आहे. आयफेल टॉवरच्या प्रतिकृतीचं झालेलं ख्रिसमस ट्री, कारंज्याच्या हौदात स्केटिंग... फोटो झकास. पण पार्क मुळात उन्हाळ्याचं, थंडीत मोठे रोलर कोस्टर बहुतेक बंदच. (आम्हाला कुठे बसायचंय त्यात!)

तिकिटं, वेळा बघून झाल्या. जमेल फक्त शनिवारी संध्याकाळी, म्हणजे गर्दी आलीच. बाबांचे गुडघे दुखतात; व्हीलचेअर नको म्हणतात. थर्मल घेतलेत, तरी बाबांचा भरवसा मफलरवरच.

कोणी वयस्कर मंडळींना घेऊन गेलं आहे का? पारा शून्याखाली असताना अर्धा तास टेकता येईल अशी उबदार जागा आत मिळते का?